लुगड्याची झोळी

१९७२ च्या दुष्काळात आई दुष्काळी कामावर खडी फोडायची. मी बारा वर्षांचा, धाकटीला सांभाळायचो. कडुलिंबाच्या फांदीला आईच्या जुन्या लुगड्याची झोळी बांधलेली. एकदा ऊन लागतंय म्हणून मी झोळीवर वाकळ टाकली आन् सुकडीच्या रांगेत जाऊन उभा राहिलो. आईनं वाकळ ओढली तेव्हा पोर घामानं चिंब, ओठ निळे. वारा लागला तशी रडली. वाचली.

परवा नातवाला घरी आणलं. नर्सबाई म्हणाल्या, "झोळी नको, मान मुडपून श्वास कोंडतो. घट्ट, सपाट गादी, ताणलेली चादर, बाळ उताणं. उशी, सैल पांघरूण काही नको."

बायकोनं शिवलेली गोधडी मीच पाळण्यातून काढली. ती रुसली. मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला झोळीची गोष्ट सांगितली. काही न बोलता तिनं गोधडी घडी घालून फडताळात ठेवली.