रॉटरडॅमच्या धक्क्यावर अडकलेला माल

समजा एखाद्या दुकानदाराने रोख पैसे मोजून माल घेतला, गाडीत भरला, आणि वाटेतल्या दोन घरांत वैर पेटले म्हणून एकाने रस्ताच अडवला. दुकानदार म्हणतो, “अहो, माझे तुमचे भांडण नाही. माल माझा आहे.” अडवणारा म्हणतो, “खरे आहे. पण तो निघाला माझ्या वैऱ्याच्या घरून!” पहिल्या महायुद्धात अमेरिकेतील व्यापाऱ्यांवर नेमका हाच प्रसंग आला.

अमेरिका तेव्हा तटस्थ होती. तिच्या कापडगिरण्यांना लागणारे रंग, शेतीला लागणारे पोटॅश, मुलांची खेळणी हा सारा माल जर्मनीतून येई. ११ मार्च १९१५ रोजी इंग्लंडने हुकूम काढला की, जर्मनीकडे जाणारा किंवा तिकडून निघालेला माल समुद्रावर अडवायचा. मग जहाज तटस्थ राष्ट्राचे का असेना. हॉलंड तटस्थ, रॉटरडॅम त्याचे बंदर. पण तेथून अमेरिकेला निघणारा जर्मन माल धक्क्यावरच पडून राहिला.

आता कायदा काय सांगत होता? १८५६ च्या पॅरिसच्या जाहीरनाम्यात दोन गोष्टी ठरल्या होत्या. युद्धसामग्री सोडून शत्रूचा इतर माल तटस्थ जहाजावर असेल तर पकडू नये. आणि नाकेबंदी नुसती कागदावर नसावी, ती प्रत्यक्ष अमलात येणारी असावी. या जाहीरनाम्यावर इंग्लंडची सही होती. उलट, जर्मनीने पाणबुड्यांचे युद्ध पुकारले म्हणून आम्हांला हे करणे भाग आहे, असे इंग्लंडचे म्हणणे.

व्यापारी वॉशिंग्टनला परराष्ट्र खात्याकडे गेले. तेथे खरा पेच पडला. इंग्रज म्हणत, १ मार्चपूर्वी पैसे दिल्याचा पुरावा दाखवा, माल सोडतो. पण सरकारने असा पुरावा रीतसर पुढे केला, तर इंग्लंडचा हुकूम मान्य केल्यासारखे होते. आणि न करावा तर व्यापारी बुडतो. तेव्हा खात्याने मधली वाट काढली. खात्याचे व्यापार सल्लागार पावत्या आणि करारपत्रे घेऊन ब्रिटिश वकिलातीत जात, पण ‘खाजगी रीतीने’. एकीकडे कागदपत्रांवर थोडाथोडा माल सुटत होता. दुसरीकडे २१ ऑक्टोबर १९१५ च्या खलित्यात अमेरिका त्याच नाकेबंदीला बेकायदेशीर म्हणत होती.

दोष एकट्या इंग्लंडचा नव्हता. जर्मनीनेही रंग आणि पोटॅश यांची निर्यात रोखून धरली. अखेर जुलै १९१६ मध्ये ‘डॉइचलँड’ नावाची व्यापारी पाणबुडी रंग घेऊन बाल्टिमोरला पोहोचली, तेव्हा केवढी खळबळ उडाली! या रंगटंचाईची झळ आपल्याकडेही लागली. जर्मनीच्या कृत्रिम निळीने मोडकळीला आणलेली बिहारची नीळ युद्धात पुन्हा भाव खाऊ लागली.

एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका स्वतः युद्धात उतरली. आणि कालपर्यंत तटस्थांच्या हक्काची कैवारी असलेली अमेरिका हॉलंडसारख्या तटस्थ देशांचा माल आपल्या बंदरांत अडवू लागली!

मग कायदा व्यर्थ म्हणायचा का? तसे नाही. कायद्याचा आधार होता म्हणूनच पावतीला किंमत आली आणि काहींचा माल सुटला. मात्र रस्ता अडवणारा कोण आणि अडलेला कोण, यावर राष्ट्रांची कायद्याची भाषा बदलते, हे या धक्क्यावरच्या मालाने दाखवून दिले. इतिहास वाचताना खलित्यांतील तत्त्वे जरूर वाचावीत. पण त्यांच्यामागे वखारीत अडकलेल्या मालाचा एक मालकही वाट पाहत असतो, हे विसरू नये.