इंग्लंडमधील वंशबद्ध जमीनमालकी आणि हस्तांतरण कायद्यातील सुधारणा : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

इंग्लंडमध्ये जमीन हे केवळ उत्पन्नाचे साधन नव्हते. घराण्याची प्रतिष्ठा आणि राजकीय सत्ता तिच्यावर आधारलेली होती. ती घराण्याबाहेर जाऊ नये यासाठी कायद्याचा आधार घेतला गेला. १८३३ चा ‘फाइन्स अँड रिकव्हरीज’ कायदा हा या व्यवस्थेतील सुधारणेचा महत्त्वाचा टप्पा मानला जातो. त्या कायद्याने काय बदलले आणि काय तसेच ठेवले, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

वंशबद्ध मालकी आणि कल्पित दावे

पहिल्या एडवर्डच्या कारकिर्दीत १२८५ मध्ये ‘डी डोनिस’ कायदा झाला. एखादी जमीन विशिष्ट व्यक्तीला व तिच्या औरस वंशजांना दिलेली असल्यास धारकाने ती विकली तरी वंशजांचा हक्क बुडत नसे आणि वंश खुंटल्यास ती दात्याकडे परत जाई. यालाच ‘एन्टेल’ म्हणजे वंशबद्ध मालकी म्हणतात.

यातून सुटण्यासाठी पंधराव्या शतकात ‘कॉमन रिकव्हरी’ ही पद्धत रूढ झाली. १४७२ चा टॅल्टरम खटला या संदर्भात नेहमी उल्लेखिला जातो. धारकाशी संगनमत करून एक जण जमिनीवर दावा लावी. ही जमीन आपल्याला हमीपूर्वक मिळाल्याचे सांगून धारक एका हमीदाराला पुढे करी. हा हमीदार बहुधा न्यायालयाचा पुकारा करणारा नोकर असे. तो हमी कबूल करी व नंतर गैरहजर राही. न्यायालय जमीन दावेदाराला देई आणि हमीदाराने तेवढ्याच मोलाची जमीन भरून द्यावी, असा निकाल देई. हमीदाराकडे जमीनच नसल्याने वंशजांच्या हाती काहीही पडत नसे. दावा कल्पित होता, पण शुल्क व खर्च खरे होते. शिवाय कामकाजातील एखाद्या चुकीमुळे खरेदीदाराची मालकी संशयास्पद ठरे.

१८३३ ची सुधारणा

फेब्रुवारी १८२८ मध्ये हेन्री ब्रूम यांनी कॉमन्स सभागृहात कायदासुधारणेवर प्रदीर्घ भाषण केले. त्याच वर्षी स्थावर मालमत्ता आयोग नेमला गेला. जॉन कॅम्बेल हे त्याचे प्रमुख होते. आयोगाचे सदस्य पीटर ब्रोडी यांनी तयार केलेल्या मसुद्यातून १८३३ चा कायदा साकारला. त्याने कल्पित दावे रद्द केले. सहा महिन्यांच्या आत चॅन्सरी न्यायालयात नोंदविलेल्या साध्या दस्ताने एन्टेल मोडता येऊ लागले.

तथापि एन्टेल रद्द झाले नाही. सतराव्या शतकापासून जमीनदार घराण्यांत पित्याला हयातीपुरता उपभोग आणि पुत्राला वंशबद्ध हक्क देणारी व्यवस्थापत्रे रूढ होती. पुत्र २१ वर्षांचा झाला की पिता-पुत्र मिळून एन्टेल मोडीत आणि लगेच नवे व्यवस्थापत्र करीत. त्याबदल्यात पुत्राला वार्षिक नेमणूक मिळे. नव्या कायद्याने पित्यासारख्या पूर्वधारकाला ‘संरक्षक’ ठरविले. त्याच्या संमतीशिवाय पुत्राला केवळ स्वतःच्या वंशजांचा हक्क तोडता येई. पुढील हक्कदारांचा नाही. त्यामुळे दस्त सोपा झाला, पण पित्याची पकड कायम राहिली. धाकट्या अपत्यांच्या हिश्श्यांचा व गहाणांचा बोजा जमिनीवर वाढत गेला. व्यवस्थापत्रात तसा अधिकार नसेल, तर ती विकून कर्ज फेडणे हयातभोगी जमीनदाराला सहजासहजी शक्य नव्हते.

१८८२ आणि त्यानंतर

१८७० च्या दशकातील शेतीमंदीने ही कोंडी उघड केली. लॉर्ड केर्न्स यांच्या पुढाकाराने झालेल्या १८८२ च्या ‘सेटल्ड लँड’ कायद्याने हयातभोगी धारकाला जमीन विकण्याचा, तसेच बांधकामासाठी ९९, खाणींसाठी ६० व इतर कामांसाठी २१ वर्षांपर्यंत भाडेपट्टा देण्याचा अधिकार दिला. हा अधिकार व्यवस्थापत्रातील कोणत्याही अटीने काढून घेता येत नसे. विक्रीची रक्कम मात्र धारकाच्या हाती न जाता विश्वस्तांकडे किंवा न्यायालयात जमा होई. वारसांचा हक्क बुडाला नाही. तो जमिनीवरून रकमेवर सरकला. १९२५ च्या कायद्यांनी एन्टेलला केवळ विश्वस्तव्यवस्थेपुरते स्थान ठेवले आणि १९९६ च्या कायद्यानुसार १ जानेवारी १९९७ पासून नवे एन्टेल निर्माण करणे बंद झाले.

निष्कर्ष

१८३३ च्या कायद्याने हस्तांतरणाची रीत सुधारली, परंतु घराण्यातील सत्तासंबंधांना हात लावला नाही. जमीन बाजारात येण्यासाठी आणखी ४९ वर्षे जावी लागली. कार्यपद्धतीतील सुधारणा आणि हक्कांतील सुधारणा या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या इतिहासावरून दिसून येते. कायदा किती सोपा झाला यापेक्षा निर्णयाचा अधिकार कोणाकडे गेला, हा प्रश्न सुधारणेच्या मूल्यमापनात अधिक महत्त्वाचा ठरतो.