फिटरची परीक्षा घ्यायची कशी?

मी सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे कोडवर टेस्ट चालवली की पास का फेल ते लगेच कळतं. पण फिटरचा हात कसा तपासायचा? ही भानगड जुनी आहे.

१९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली, म्हणजे आपलं आयटीआय. आता जळगावचा वेल्डर आणि मद्रासचा वेल्डर सारखाच शिकलाय, हे कारखान्याने मानायचं कशावरून? म्हणून १९५६ मध्ये एनसीव्हीटी ही राष्ट्रीय परिषद आली. देशभर एकच ट्रेड टेस्ट, एकच सर्टिफिकेट. १९६१च्या अप्रेंटिस कायद्याने कारखान्यात शिकणाऱ्या पोरांनाही परीक्षा लावली. भुसावळच्या रेल्वेतले अप्रेंटिसही त्यात आले.

या परीक्षेचा जीव प्रॅक्टिकलमध्ये. ड्रॉइंग आणि लोखंडाचा तुकडा द्यायचा. पोरगं हॅक्सॉने कापणार, कानशीने घासणार, मग व्हर्नियर लावायचा. तो ०.०२ मिलिमीटरचा फरकही दाखवतो. त्याला ना आडनाव कळतं, ना इंग्रजी.

२०१३ला सेमिस्टर आलं, २०१८ला परत वार्षिक पद्धत. थिअरी आता कॉम्प्युटरवर. लाखो पेपर तपासायला ते सोयीचं, मान्य. पण चारातलं एक उत्तर निवडणं वेगळं, वेल्ड मारणं वेगळं.

धुळे-जळगावच्या एमआयडीसीत सर्टिफिकेट बघून आत बोलावतात, पण बरेच मालक हातात काम देऊन बघतातच. म्हणजे कागदावर पुरता भरोसा नाही. तो हवा असेल तर मार्क अंदाजाने नाही, जॉब मोजूनच द्यायला हवेत. ओळखीत कुणी आयटीआयवाला असेल तर विचारा, तुझा जॉब खरंच मोजला होता का रे?