सिंप्युटर : बंगळूरच्या एका संकल्पाचा इतिहास

मालाचा इतिहास लिहिताना बाजारात आलेल्या आणि खपलेल्या वस्तूंचीच गणना होते. वाजतगाजत जाहीर झालेल्या, पण वेळेवर हाती न पडलेल्या वस्तूंना त्यात सहसा स्थान मिळत नाही. घरगुती संगणकाच्या इतिहासात मात्र अशा वस्तू पावलोपावली भेटतात. ब्रिटनच्या क्लाइव्ह सिंक्लेअर ह्यांनी १९८४ च्या जानेवारीत ‘क्यूएल’ हा संगणक जाहीर केला आणि पैसे भरून बसलेल्या ग्राहकांना महिनोन् महिने वाट पाहावयास लावली. अमेरिकेतील ऑसबोर्न कंपनीने पुढच्या यंत्राची वार्ता आधीच फोडली, त्यामुळे हातातल्या यंत्राचा खप मंदावला आणि १९८३ साली तिचे दिवाळे वाजले, असे सांगितले जाते.

ह्या चढाओढीचे पडसाद आपल्या देशातही उमटले. सिंक्लेअरचे प्रतिस्पर्धी एकॉर्न. त्यांचा ‘बीबीसी मायक्रो’ १९८४-८५ साली केंद्र सरकारच्या ‘क्लास’ योजनेतून अडीचशे शाळांत आला. सिंक्लेअरचा ‘स्पेक्ट्रम’ पुण्याच्या डेसिबेल्स कंपनीने ‘डीबी स्पेक्ट्रम’ ह्या नावाने काढला. एकाने एकाची बाजू घ्यावी, दुसऱ्याने दुसऱ्याची, असा वाद त्या काळच्या हौशी तरुणांत रंगत असे. परंतु दोन्ही यंत्रांचा आराखडा परका होता आणि दोन्हींपुढे बसणाऱ्यास इंग्रजी अक्षरे यावीच लागत. ज्यास अक्षरच येत नाही त्याने काय करावे, हा प्रश्न त्या वादात कोणी विचारला नाही. तो पुढे बंगळुरात विचारला गेला.

१९९८ च्या ऑक्टोबरात बंगळुरात माहिती तंत्रज्ञानाचे मोठे प्रदर्शन भरले होते. त्याच निमित्ताने विकसनशील देशांसाठी ह्या तंत्राचा उपयोग काय, ह्यावर एक आंतरराष्ट्रीय परिसंवाद झाला. त्याच्या आखणीतूनच सिंप्युटरची कल्पना निघाली. जुने बंगळूरकर जिला आजही ‘टाटा इन्स्टिट्यूट’ म्हणतात, त्या भारतीय विज्ञान संस्थेतील स्वामी मनोहर, विजय चंद्रू, व्ही. विनय आणि रमेश हरिहरन हे चार प्राध्यापक, आणि एन्कोर सॉफ्टवेअर ह्या स्थानिक कंपनीचे विनय देशपांडे व त्यांचे सहकारी, ह्यांनी मिळून १९९९ साली ‘सिंप्युटर ट्रस्ट’ स्थापन केला. साधा, स्वस्त, बहुभाषिक असा लोकांचा संगणक, ह्या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जोडून यंत्राचे नाव सिद्ध झाले.

२५ एप्रिल २००१ रोजी यंत्राचे नमुने लोकांपुढे मांडण्यात आले. ते तळहातावर मावणारे होते. कळफलक नव्हता, स्पर्शाने चालणारा पडदा होता. आतील प्रणाली लिनक्स ही मुक्त प्रणाली होती. यंत्र मजकूर वाचून दाखवी, म्हणजे निरक्षरासही ते उपयोगी पडावे. किंमत सुमारे ९,००० रुपये राहील, असा अंदाज होता. शेतमजुरास ही रक्कमही जड, हे योजकांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी स्मार्ट कार्डाची सोय ठेवली. यंत्र गावाचे, कार्ड ज्याचे त्याचे. कार्ड आत सरकवले की यंत्र तेवढ्यापुरते त्या माणसाचे होई. सार्वजनिक पाणवठ्यासारखी ही कल्पना होती.

ह्याहूनही धाडसी होता तो परवाना. यंत्राचा आराखडा गुपित न ठेवता ट्रस्टने तो खुला केला. कोणत्याही कारखानदाराने शुल्क भरून यंत्र बनवावे, त्यात सुधारणा करावी, आणि ठरावीक मुदतीनंतर ती सुधारणा सर्वांना परत द्यावी, असा नियम होता. ट्रस्टच्याच मंडळींतून दोन परवानाधारक उभे राहिले : एक एन्कोर, दुसरी प्राध्यापकांनी काढलेली पिकोपेटा. एकाच घरातून दोन दुकाने निघाली. स्पर्धेने किंमत उतरेल, अशी अपेक्षा होती. त्या वर्षी परदेशी वृत्तपत्रांनीही ह्या यंत्राची मोठी वाखाणणी केली.

मग वाट पाहण्याचा काळ सुरू झाला. नमुना करणे निराळे आणि हजारोंनी माल काढणे निराळे. पिकोपेटाचा ‘अमिडा सिंप्युटर’ भारत इलेक्ट्रॉनिक्स ह्या सरकारी कारखान्यात तयार होऊन बाजारात आला तो २००४ च्या मार्चमध्ये. यंत्र हलवले की पडद्यावरील पान उलटे, अशी चलनाची जाण त्यात होती. आयफोन निघावयास अजून तीन वर्षे होती. परंतु किंमत सुमारे १०,००० पासून २०,००० रुपयांपर्यंत गेली होती. पन्नास हजारांची अपेक्षा असताना वर्षभरात चारेक हजार यंत्रे खपल्याचे २००५ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी एन्कोरने ‘मोबिलिस’ नावाचे निराळे यंत्र पुढे केले.

असे का झाले ? दोन कंपन्यांनी एकमेकींची गिऱ्हाइके पळवली म्हणावे, तर पळवण्याइतकी गिऱ्हाइकेच नव्हती. माझ्या मते, ज्याच्यासाठी यंत्र घडवले तो गावकरी ते विकत घेणारा नव्हता, आणि विकत घेऊ शकणारा शहरी हौशी मनुष्य त्याची तुलना विलायती ‘पाम’शी करीत होता. मधला ग्राहक सरकार. कर्नाटकात जमिनीच्या नोंदींच्या कामी सिंप्युटरचा उपयोग झाला, पण अशा कामांतून हजारोंची मागणी उभी राहिली नाही. दरम्यान मोबाइल आला. २००३ च्या मे महिन्यापासून येणाऱ्या फोनसाठी पैसे मोजणे थांबले. ज्यास वाचता येत नाही त्यास बोलता येते. त्याने बोलण्याचे यंत्र घेतले. तीन वर्षांच्या विलंबात खरा प्रतिस्पर्धी असा बाहेरून आला, आणि त्याची गणना कोणत्याच आराखड्यात नव्हती.

एवढ्यावरून ह्या उद्योगास फसलेला प्रयोग म्हणून बाजूला सारणे मला न्याय्य वाटत नाही. सिंप्युटरसाठी रमेश हरिहरन ह्यांच्या देखरेखीखाली ‘ध्वनी’ नावाची, भारतीय भाषांतील मजकूर वाचून दाखवणारी प्रणाली तयार झाली होती. तीही खुली होती. यंत्र बाजारातून गेले, तरी संतोष तोट्टिंगल प्रभृती स्वयंसेवकांनी ती पुढे चालवली आणि तीत एकेक भाषा घातली. त्या भाषांत कन्नड आहे, तमिळ आहे, आणि आपली मराठीही आहे. दोन्ही दुकानांतला तो माल आज मिळत नाही. पण जे विकावयास न ठेवता सर्वांस देऊन टाकले होते, ते इतरांच्या हातून वाढले. परभाषेच्या मुलखात राहून स्वभाषा जपणाऱ्या आपल्यासारख्यांनी बंगळूरचा हा इतिहास स्मरणात ठेवावा, असे मला वाटते.