पारशी कोण? 1908 ची एक व्याख्या

2001 ला भारतात पारशी होते 69,601. 2011 ला 57,264. उशिरा लग्न, कमी मुलं, त्यामुळे समाज म्हातारा होत चाललाय, हे तुम्ही ऐकलं असेल. पण मोजायचं कोणाला?

रतनजी दादाभॉय टाटांनी फ्रेंच सुझानशी लग्न केलं. तिने धर्मही स्वीकारला. प्रकरण मुंबई हायकोर्टात गेलं. 1908 चा निकाल असा: धर्म बदलून आलेल्यांना पंचायतीच्या अग्यारी-दखम्यांवर हक्क नाही. बाप पारशी असेल तर मूल मात्र पारशी. म्हणजे जेआरडी आत, त्यांची आई बाहेर! आणि परजातीत लग्न केलेल्या मुलीची मुलं? तीही बाहेर. कोडमधली एकच कंडिशन, शंभर वर्षं चालू.

2013 मध्ये सरकारने ‘जियो पारसी’ योजना आणली, वंध्यत्वाच्या उपचारांना पैसे द्यायला. व्याख्येला हात लावला नाही.