मिटणाऱ्या टेबलाची साडेचारशे वर्षे

जेवणाचे टेबल गरजेप्रमाणे वाढवता-मिटवता यावे, ही सोय लहान घरांसाठी शोधली गेली असा समज आहे. प्रत्यक्षात तिचा उगम युरोपातल्या मोठ्या वाड्यांत झाला आणि लहान घरापर्यंत यायला तिला बराच काळ लागला. या वाटचालीत सुतारांपुढे दोनच अडचणी पुन्हा पुन्हा उभ्या राहिल्या: जादा फळ्या ठेवायच्या कुठे आणि त्यांना आधार देणारे पाय आणायचे कुठून. टेबलाचा प्रत्येक नवा प्रकार यांपैकी एक अडचण सोडवतो आणि बहुधा दुसरी वाढवतो.

मध्ययुगीन युरोपात जेवणाचे कायम मांडलेले टेबल फारसे नसायचे. मोठ्या दालनात लाकडी घोड्यांवर लांब फळ्या टाकत, त्यावर कापड अंथरत, आणि जेवणे उरकली की सगळे उचलून भिंतीला लावून ठेवत. त्याच दालनात कामे चालत, पाहुणे बसत, रात्री नोकरमाणसे झोपत. जागा कितीही ऐसपैस असली, तरी एकाच जागेला अनेक कामे होती. महाराष्ट्रातल्या घरांत पाट मांडून पंगत बसायची आणि जेवणे झाली की पाट उचलून जमीन पुन्हा मोकळी व्हायची, त्यामागचे कारणही हेच होते.

सोळाव्या शतकात श्रीमंत घरांतून जड, कोरीव, एका जागी ठाण मांडून राहणारे टेबल आले आणि त्याबरोबर ते लांबवण्याची युक्तीही आली. मुख्य फळीच्या खाली, दोन्ही टोकांना, तिच्या निम्म्या लांबीची एकेक फळी लपवलेली असे. या फळ्या लांब, उतरत्या पट्ट्यांवर बसवलेल्या असत. फळी बाहेर ओढली की पट्टीच्या उतारामुळे ती हळूहळू वर चढते. ती पूर्ण बाहेर आली की तिच्यावर सैल टेकलेली मुख्य फळी खाली बसते आणि दोन्हींचे पृष्ठभाग एका पातळीत येतात. बिजागरी नाही, खिळा नाही, फक्त उताराचा हिशेब. दोन्ही बाजू ओढल्या की टेबल जवळजवळ दुप्पट होते. फळ्या टेबलाच्या पोटातच राहत असल्याने त्या ठेवायच्या कुठे, हा प्रश्न इथे पहिल्याच फटक्यात सुटला. इंग्लंडमधल्या हार्डविक हॉलमध्ये या जातीचे एक अक्रोडाचे टेबल आजही आहे. त्याच्या पायांच्या जागी पंखवाले सागरी श्वान कोरलेले आहेत. 1601 साली त्या घरातल्या वस्तूंची यादी झाली, तिच्यात या टेबलाची नोंद सापडते. उणीव एकच होती: पाय मूळ जागीच राहत, त्यामुळे बाहेर आलेल्या टोकांना खालून आधार नसे. म्हणून फळ्या आणि पट्ट्या जाडजूड ठेवाव्या लागत आणि टेबल हलवायला चार माणसे लागत.

सतराव्या शतकात इंग्लंडमधली राहणी बदलली. मालकाचे कुटुंब नोकरचाकरांसह मोठ्या दालनात जेवायचे सोडून वेगळ्या, लहान खोलीत जेवू लागले. त्या खोलीला जड टेबल परवडेना. मग फाटकासारखे उघडणारे पाय असलेले टेबल लोकप्रिय झाले. मधली फळी अरुंद आणि स्थिर; तिच्या दोन्ही बाजूंना बिजागरीवर लटकणाऱ्या अर्धगोल झडपा; आणि प्रत्येक झडपेखाली चौकटीत बसवलेला, फिरून बाहेर येणारा पाय. झडप उचलायची, पाय फिरवायचा, झडप त्यावर टेकवायची. मिटल्यावर टेबल भिंतीलगत एखाद्या अरुंद पेटीएवढेच उरते. आज लहान घरासाठी विकली जाणारी मिटती टेबले बहुतांशी याच कल्पनेवर उभी आहेत, आणि साडेतीनशे वर्षांत तिच्यात मूलभूत बदल करावा लागलेला नाही. फळ्या आणि पाय, दोन्ही प्रश्नांची उत्तरे टेबलाला जोडलेलीच राहतात, हे तिच्या दीर्घायुष्याचे कारण. मोठ्या टेबलांना मात्र बारा-बारा पाय असत आणि बसणाऱ्यांचे गुडघे त्यांवर आपटत.

त्या काळच्या कारागिरीचा एक बारकावा आवर्जून पाहण्यासारखा आहे. सुरुवातीच्या टेबलांत झडप खाली सोडली की मधल्या फळीची बिजागरीकडची कड उघडी पडायची आणि तिथे फट दिसायची. सतराव्या शतकाच्या अखेरीस सुतारांनी मधल्या फळीच्या कडेला पाव वर्तुळाची गोलाई दिली आणि झडपेच्या कडेला तेवढ्याच मापाची खोबण. झडप खाली जाताना खोबण गोलाईवरून सरकते. ना फट दिसते, ना बिजागरी. यासाठी बिजागरीचा आस त्या वर्तुळाच्या बरोबर केंद्रात यावा लागतो. तो केसभर चुकला तरी लाकूड लाकडाला घासते. जुने टेबल पारखणारे आजही आधी वाकून हाच सांधा पाहतात.

1721 साली ब्रिटिश संसदेने वसाहतींतून येणाऱ्या लाकडावरचे आयात शुल्क उठवले आणि जमैकातले महोगनी लाकूड इंग्लंडमध्ये येऊ लागले. त्याच्या फळ्या रुंद निघत, म्हणून अख्खी झडप एकाच फळीची करता येऊ लागली. लाकूड मजबूत असल्याने पायही बारीक आणि कमी झाले. अठराव्या शतकातल्या जेवणघरात खुर्च्या भिंतीकडेने मांडलेल्या असत. टेबलाचे दोन अर्धगोल तुकडे एरवी भिंतीलगत शोभेच्या टेबलांसारखे उभे असत आणि जेवणाच्या वेळी झडपांच्या मधल्या टेबलाला पितळी पकडींनी जोडले जात. रोजच्या साध्या खाण्यासाठी लहान झडपांचे पेम्ब्रोक टेबल याच शतकात रूढ झाले. जेन ऑस्टिन यांच्या ‘एमा’ या 1815 सालच्या कादंबरीत वृद्ध वडिलांचे जेवण चाळीस वर्षे अशाच एका टेबलावर दाटीवाटीने होत आलेले आहे आणि मुलगी त्या जागी मोठे गोल टेबल आणते. घरातले टेबल बदलणे ही किती नाजूक गोष्ट असते, हे तिथे नेमके दिसते.

एकोणिसाव्या शतकात ही सुतारकी यंत्राच्या वाटेने निघाली. 1800 साली लँकेस्टरच्या गिलो या प्रसिद्ध फर्निचर कारखान्याच्या रिचर्ड गिलो यांनी दुर्बिणीच्या नळ्यांसारख्या एकात एक सरकणाऱ्या चौकटीचे पेटंट घेतले. टेबलाची दोन टोके धरून ओढायची आणि मधल्या मोकळ्या जागेत सुट्या फळ्या टाकायच्या. पाय कमी व्हावेत हा या पेटंटचा उघड हेतू होता आणि तो साधला. पण फळ्या आता टेबलाबाहेर आल्या आणि त्यांच्यासाठी वेगळे कपाट लागू लागले. 1835 साली रॉबर्ट ज्यूप यांनी पेटंट घेतलेले गोल टेबल म्हणजे या विचाराचे टोक. त्याचा वरचा भाग हाताने फिरवला की तो आठ पाकळ्यांत फाकतो, पाकळ्यांमधल्या फटींत आठ फळ्या बसवायच्या आणि टेबल गोलच्या गोल मोठे होते. अजून मोठे हवे असेल तर रुंद फळ्यांचा दुसरा संच. पुढे चौकटीत लांब मळसूत्र बसवलेली टेबले आली. दांडा फिरवला की एकटा माणूस ती उघडू शके. यांत्रिक कौशल्य म्हणून हे सारे थोरच, पण लहान घराच्या दृष्टीने ही आडवाट होती. फळ्यांसाठी कपाट आणि कपाटासाठी भिंत ज्याच्याकडे आहे, त्यालाच ती परवडणारी होती.

याच काळात लंडनमधल्या मॉर्गन अँड सँडर्ससारख्या दुकानदारांनी छावणीसाठी सुट्या होणाऱ्या फर्निचरचा मोठा धंदा उभारला. हिंदुस्थानात नोकरीला निघालेले अधिकारी हे असल्या सामानाचे हक्काचे गिऱ्हाईक होते. पाय मळसूत्राने निघत, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या असत, आणि टेबल पेटीत बसून बैलाच्या किंवा उंटाच्या पाठीवर जाई. मुंबई इलाख्यातल्या छावण्यांत मिटते टेबल पोहोचले ते असे. शहरात मात्र श्रीमंत पारशी आणि इतर व्यापारी घराण्यांनी पसंती दिली ती शिसवाच्या कोरीव, भारदस्त टेबलांना. मराठी मध्यमवर्गाचे जेवण पुढेही बराच काळ पाटावरच होत राहिले. 1920च्या दशकात मुंबईत बांधलेल्या बीडीडी चाळींतली खोली सुमारे 160 चौरस फुटांची. स्वयंपाक, जेवण, अभ्यास आणि झोप एकाच जमिनीवर. तिथे टेबल मिटवण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता.

लहान घर हा युरोपात खरा सार्वजनिक प्रश्न झाला पहिल्या महायुद्धानंतर. घरांची टंचाई भीषण होती आणि नगरपालिका हजारो छोटी घरे बांधत होत्या. 1926 साली मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की यांनी फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी जे स्वयंपाकघर आखले, ते जेमतेम 1.9 गुणिले 3.4 मीटरचे होते. त्यात जेवायला जागा ठेवलेलीच नव्हती, त्यामुळे टेबल बैठकीच्या खोलीत गेले. 1929 साली त्याच शहरात आधुनिक वास्तुविशारदांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि तिचा विषयच होता किमान गरजेचे घर. स्वीडनमध्ये ब्रुनो मॅथसन यांनी 1936 साली ‘मारिया’ हे टेबल घडवले. मिटल्यावर त्याची रुंदी पाव मीटरहूनही कमी, उघडल्यावर लांबी पावणेतीन मीटरच्या पुढे. रचना तीच सतराव्या शतकातली, फक्त मधली फळी शक्य तेवढी अरुंद केलेली.

सोव्हिएत संघात 1950च्या दशकाच्या उत्तरार्धात निकिता ख्रुश्चेव्ह यांच्या कारकिर्दीत कुटुंबाला स्वतंत्र घर देण्याची प्रचंड मोहीम निघाली. या घरांतले स्वयंपाकघर पाच-सहा चौरस मीटरचे होते. एकुलत्या एका खोलीत पलंग, कपाट आणि मुलांचा अभ्यास, तरी नववर्षाच्या मेजवानीला नातेवाईक येणारच. तिथे पुस्तकासारखे उघडणारे टेबल घरोघरी झाले: मधोमध हातभर रुंदीची पट्टी आणि दोन्ही बाजूंना जमिनीपर्यंत लोंबणाऱ्या मोठ्या झडपा. वर्षाचे बहुतेक दिवस ते भिंतीला टेकून उभे असे. वाड्यात जन्मलेली युक्ती सामान्य माणसाच्या घरात खऱ्या अर्थाने इथे रुजली.

भारतात जेवणाचे टेबल मध्यमवर्गीय घरात सर्रास आले ते स्वतंत्र फ्लॅटबरोबर. आज दुकानांत चार प्रकार दिसतात: झडपांचे, सरकत्या चौकटीचे, पोटात दुमडून राहणाऱ्या फळीचे आणि भिंतीला बिजागरीने लावलेले. यातला एकही प्रकार तत्त्वाने नवीन नाही. सरकत्या चौकटीचे टेबल घेताना जादा फळी सुटी आहे की पोटात राहते, हे आधी पाहावे. सुटी फळी लहान घरात पलंगाखाली जाते आणि ऐन पाहुण्यांच्या वेळी सामान उपसल्याशिवाय निघत नाही. झडपांचे टेबल उघडून स्वतः खुर्चीवर बसून पाहावे, म्हणजे पाय गुडघ्यांना नडतो का ते कळते. भिंतीवरचे टेबल सर्वांत कमी जागा घेते, पण विटांच्या भिंतीत पक्के बसवावे लागते आणि एक बाजू कायम भिंतीची असल्याने तिथे कुणाला बसता येत नाही.

मापांचा हिशेब सरळ आहे. मोकळेपणी जेवायला माणशी साधारण 60 सेंटिमीटर कड लागते आणि खुर्ची मागे सरकवून उठायला टेबलाच्या कडेपासून किमान 75 सेंटिमीटर. आयकियाचे ‘नॉर्डेन’ हे झडपांचे टेबल 80 सेंटिमीटर रुंद आहे. त्याची लांबी मिटल्यावर 26, एक झडप उघडल्यावर 89 आणि दोन्ही उघडल्यावर 152 सेंटिमीटर होते. म्हणजे मिटल्यावर ते सव्वादोन चौरस फूट जागा अडवते आणि उघडल्यावर तेरा. बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात 160 चौरस फुटांच्या खोलीऐवजी 500 चौरस फुटांचे घर मिळते. एवढ्या घरात चार माणसांच्या कुटुंबाला एक झडप रोज उघडी ठेवून आणि दुसरी पाहुण्यांसाठी राखून चालवायचे असेल, तर सुट्या फळ्यांच्या कोणत्याही टेबलापेक्षा हाच प्रकार सोयीचा ठरतो.