न दिसणाऱ्या रेणूचा आकार

क्लोरिन ट्रायफ्लोराइड १९३० साली ब्रेस्लाऊच्या ओटो रुफ आणि क्रुग यांनी जगापुढे आणला. एक क्लोरिन, तीन फ्लोरिन. उकळतो १२ अंश सेल्सिअसला, म्हणजे आपल्या शहापूर-मुरबाडच्या उन्हात वायूच. वाळूसुद्धा पेटवणारा! पण त्याचा आकार कसा?

वायूत रेणू सुटे असतात, भोवऱ्यासारखे गरगरतात. भोवऱ्याचं वजन कुठं किती, यावर त्याचं फिरणं ठरतं, रेणूचंही तसंच. तो कुठल्या सूक्ष्मलहरी शोषतो, यावरून अणूंमधली अंतरं काढता येतात. त्यातही गंमत बघा: सपाट, समभुज त्रिकोणी रेणूत विद्युतभार सगळीकडे समतोल असतो, त्यामुळे तो या लहरी शोषतच नाही.

ह्यानं शोषल्या! १९५३ साली अमेरिकेतल्या ओक रिजच्या डी. एफ. स्मिथ यांनी रचना मांडली: एक बंध १.६० अँगस्ट्रॉम, दोन १.७०, कोन ९० अंशांना जरा कमी. म्हणजे किंचित वाकलेला इंग्रजी ‘टी’.

असं का? क्लोरिनवरच्या इलेक्ट्रॉनांच्या दोन मोकळ्या जोड्याही जागा अडवतात. गिलेस्पी आणि नायहोम यांनी १९५७ साली हाच विचार नियमात बसवला. आज अकरावीला आपण तो शिकतो. त्यामागे अशी मोजमापं आहेत.